एका चालीवर शंभर गावं

नाही म्हनलो ना जी. आता आनखी कसा म्हनू, लिहून देऊ का? तुम्ही बसा, च्या घ्या, पंख्याखाली बसा — पन गाना मागू नका. बेहडटोल्याचा गाना मी करनार नाही. अन् हे जवाईबापू, जवाईबापू कायले करून राहिले उदारामभाऊ? दुकानात मी चंद्रकुमार आहो. बाहेर पाटीवर लिहिलंच आहे — चंद्रकुमार रेकॉर्डिंग अन् फोटो फ्रेमिंग, आमगाव. जवाई मी तुमच्या गावात होतो — आहो, आहोच म्हना, बायको तुमच्या गावची म्हनल्यावर जवाई तर राहनारच — ते जाऊ द्या. तुम्ही ग्रामपंचायतीचे मेंबर, देवरीवरून बसनं आले, मानाचे मानूस. खुर्ची इकडं सरकवा, त्या भिंतीले पाठ टेकू नका. अंड्याचे ट्रे आहेत ते, दबतात. आवाज घुमू नये म्हनून लावले. नागपूरवाले फोम लावतात, आपन अंड्याचे ट्रे लावतो. आयकनाऱ्याले फरक समजत नाही. आयकनाऱ्याले कायचाच फरक समजत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलो.

मंडई आहे ना तुमची? भाऊबीज झाली का मंडईची जत्रा, माहीत आहे मले. पाहुने येतीन, भोंग्यावर गावाचा गाना वाजला पाहिजे, लोकायनं म्हनलं पाहिजे का वा, काय गाव आहे. सबन गावायचं हेच आहे. दहा-बारा वर्षांपहिले कोनाले लागत होता जी गावाचा गाना? दंडार होत होती, नाटक होत होतं, पाळना फिरत होता, लोकं जिलेबी बांधून घरी जात होते. आता ज्या गावाले धड रस्ता नाही त्याले पन गाना पाहिजे. अन् मलेच पाहिजे म्हनतात — का तं चंद्रकुमार गावाचे गाने करते. शंभर गावं झाले माझे. आमगाव, सालेकसा, गोंदियाच्या बाजूचे, पार भंडाऱ्याच्या हद्दीपर्यंत. पेपरात फोटो आला होता. ते पाहा, कॅलेंडरच्या बाजूले, मीच फ्रेम केला.

तुमाले वाटत असन, शंभर गाने. शंभर नाही जी. एक गाना आहे. शंभरदा केला. हे मी गिऱ्हाइकाले सांगत नाही, तुम्ही घरचे म्हनून सांगून राहिलो. मानूस येते, खिशातून कागद काढते — मी न पाहता सांगतो त्यात का लिहिलं असन. मारुतीचं देऊळ, तळं, धान, शाळा, अन् गावात सबन मिळून राहतात. मी विचारतो, भाऊ, तुमच्या गावात असं का आहे जे बाजूच्या गावात नाही? मानूस वर पाहते, खाली पाहते, मंग म्हनते — आमचा मारुती जागृत आहे. आता सांगा, झोपलेला मारुती कोनाच्या गावात आहे? एकजन नाही सांगत का आमच्या गावात पान्याची टाकी वाकडी आहे, का आमच्याकडचे बैल पिवळ्या रंगाले भेतात, का आमच्या वळनावर बस आली का कंडक्टर आपोआप उभा राहते. सांगा ना जी काही तरी. नाही. जागृत मारुती. मंग मी कायले डोकं फोडू? नाव बदलतो अन् देतो.

कसं करतो ते सांगतो. गोंदियाची एक पोरगी आहे रुची म्हनून, आवाज गोड आहे, हिंदीच बोलते, पन गाते मराठी बरं. तिच्याकडून पूरा गाना एकदाच गाऊन घेतलेला आहे. नवीन गाव आलं का तिले बोलवायचं, माइकसामोर उभी करायची अन् फक्त गावाचं नाव, जास्तीत जास्त एखादा शब्द, गाऊन घ्यायचं. तेवढं कापून त्या जागी बसवायचं. पाच मिनटाचं काम आहे, तेही मालगाडी आली नाही तर. मालगाडी आली का थांबावं लागते, स्टेशन हे इतकं जवळ, माइक सबन ओढून घेते. अन् गाना असा आहे — "अमक्याच्या वेशीवर मारुती राखनदार, एक हात शेतावर, दुसरा हात घरावर, तिसऱ्याची छाया, भाऊ, सबन गावावर." हसले ना? हसा. सातगावचा एक मास्तर म्हनला मले, चंद्रकुमारजी, मारुतीले तीन हात कसे? मी म्हनलो, देव आहे, त्याले किती हात असावे हे आपन कोन ठरवनार. पन खरी गोठ वेगळी आहे. त्या चालीत तीन पाहिजेच. एक, दोन, अन् तिसऱ्यावर चाल खाली बसते. दोनच हात ठेवले तं गाना उभाच राहते, बसत नाही. म्हनून तिसरा हात लावला मारुतीले. काय करू?

अन् मंग दुधरामभाऊची गंमत झाली. गंमत कायची, इज्जत गेली माझी. दुधराम म्हनजे सरपंच, जाडा मानूस, त्याच्या गावाचा गाना मी केला, अन् नाल्याच्या पलीकडच्या गावाचा पन मीच केला. दोघायची मंडई कधी एका दिवशी येत नाही, त्या साली आली. दोन्ही गावाच्या मधात नाला अन् धानाच्या चार बांध्या — इकडच्या भोंग्यावर गाना सुरू झाला, अन् तिकडच्या भोंग्यावर थोडा मांगून तोच. लोकं आधी म्हनले का आवाज टेकडीवर आदळून वापस येऊन राहिला. मंग एक म्हातारी म्हनली, आवाज वापस येते तं गावाचं नाव कसं बदलून येते? झालं. दुसऱ्या दिवशी दुधरामभाऊ गाडी घेऊन दुकानासामोर. मी म्हनलो, दुधरामभाऊ, सेम नाही, नीट आयका, तुमच्यात तळं आहे, त्यायच्यात बोडी आहे. तो म्हनला, तळं मोठं अन् बोडी लहान, पानी तर तेच ना चंद्रकुमार.

म्हनून म्हनतो, तुमाले नाही करून देत. तुमाले सारखाच गाना दिला अन् तुमच्या बाजूच्या टोल्यावाल्यायनं वाजवला तं मले शिव्या कोन देईन? तुम्ही. अन् सासुरवाडीच्या शिव्या वेगळ्या असतात. दुसरं म्हनजे रुची आता पहिलेसारखी येत नाही, तिचं लगन ठरून राहिलं. अन् तिसरं — तिसरं म्हनजे तुमचं नाव बसत नाही चालीत. बेहडटोला. पाच अक्षरं. मोठं होते. बाकी गावं पाहा — मुर्री. दोन अक्षरं. रुचीले म्हनलो, मुर्री लांबव, तिनं असं लांबवलं का बकरी ओरडल्यासारखं झालं. देवरी, तीन अक्षरं, तेही ओढावं लागते. सबन गावायचं तिथं ओढावंच लागते. गिऱ्हाईक विचारतात, नावाच्या जागी गाना असा ढिला काऊन पडते? जागाच मोठी आहे जी ती. पाच अक्षराची जागा आहे...

हो. बसते. तुम्ही मोजून राहिले बोटावर, मले दिसलं. बसते बेहडटोला. बरोब्बर बसते. पहिले तेच बसलेलं होतं तिथं.

च्या थंडा झाला तुमचा. राहू द्या, दुसरा सांगतो. नको? बरं.

तुमच्या गावाचा गाना आहे तो. लपवून का करू, तुमाले माहीतच असन. नाही? गावात कोनी काही म्हनलं नाही? आमच्या घरची शामकला काही बोलली नाही? ... तिचं तसंच आहे. बोलत नाही ती. मी तीस वर्षं बोललो अन् ती तीस वर्षं आयकली, असं आमचं होतं. गात होती पन. दुकानात यायची दुपारी, सायपाक झाला का, फ्रेमच्या काचा पुसायले. काच पुसता पुसता गायची. मोठ्यानं नाही, आपल्यापुरतं. तुमच्याकडं बाया मोहफूल वेचतात तवा गातात ना, पहाटेची फुलं पडलेली असतात झाडाखाली, वाकून वेचतात अन् एकमेकीले धरून गातात — ते. "बेहडटोल्याच्या नाल्यावर मोहा तीन खोडाचा, एक खोड पाटलाचं, दुसरं खोड भावाचं, तिसऱ्याचं फूल पडते, बाई, लेकीच्या वाट्याचं." आता समजलं का मारुतीले तीन हात कुठून आले?

मले पहिले खोटं वाटत होतं. मी म्हनलो तिले, झाड म्हनजे झाड, खोडाच्या वाटन्या कोन करते? मंग लगनानंतर दुसऱ्या साली घेऊन गेली ती मले, दाखवलं. नाल्याच्या थडीवर मोहा, बुडापासूनच तीन खोडं फुटलेली, तिन्ही मोठी. अन् खाली दगडाच्या रांगा लावलेल्या — या दगडापासून त्या दगडापर्यंत पाटलाकडचं फूल, इथून तिथपर्यंत तिच्या भावाकडचं, अन् नाल्याच्या बाजूचं जे पडते ते माहेरी आलेल्या लेकीचं. जी लेक आलेली असन तिनं झाडाखालचा पाला झाडायचा, जाळायचा, जागा साफ करायची, अन् हंगामभर वेचायचं. विकून जे येईन ते तिचं. भावानं मागायचं नाही, बापानं मागायचं नाही, नवऱ्यानं तर विचारायचंच नाही. मी विचारलो होतो. किती आले म्हनून. तुमची काकू, ते धुरपताबाई, इतकी हसली माझ्यावर — जवाईबापू लेक होऊन आले का म्हने.

असं गाव शंभरात एक नाही जी. खरं सांगतो. शंभर गावायचे कागद पाहिले मी, कोन्याच गावात लेकीसाठी झाडाचं खोड सोडलेलं नाही. अन् ज्या एका गावाचा खराखुरा गाना होता, त्याचं नाव मी काढून टाकलं.

थांबा. मालगाडी जाऊन राहिली. ... लांब आहे.

... झाली.

चोरी नाही म्हनता येनार. घरातलीच वस्तू होती. बायकोच्या गळ्यात जे आहे ते घरचं नाही तर कोनाचं? असं मी म्हनत होतो तवा. नवीन माइक आनला होता मी, पहिलाच चांगला माइक, पाहायचा होता कसा ओढते. ती काच पुसून राहिली होती. मी म्हनलो, काहीतरी बोल. म्हनली, का बोलू? मी म्हनलो, मंग गा. ती लाजली थोडी, मंग फडकं हातात धरूनच गायली, पूरा गाना, सात-आठ कडवे. कडव्याकडव्यात तुमचं गाव होतं. वाळलेली विहीर होती, बस जिथं वळते तो काळा दगड होता, उदाराम नावाचा मानूस होता — हो, तुमचे आजे असतीन, त्यायच्या म्हशी दुसऱ्याच्या घरी जाऊन बसत होत्या म्हने. सबन होतं. अन् त्याच हप्त्यात एक मंडळवाले आले, आमच्या गावाचा गाना पाहिजे, उद्या पाहिजे. उद्या कुठून देऊ? मी हेडफोन लावून बसलो अन् तोच गाना आयकत होतो. चाल तर तयार होती. विहीर काढली, दगड काढला, म्हशी काढल्या, मोह्याच्या जागी मारुती घातला. रुचीकडून गाऊन घेतला. लोकायले इतका आवडला का चारदा वाजवला त्यायनं.

तिनं आयकला मंडईत. मी सांगितलो नव्हतो. बाजूच्या बाईसंग गेली होती, शिंगाडे घेऊन राहिली होती, अन् भोंग्यावर सुरू झाला. बाजूची बाई मले मांगून सांगत होती का शामकलाबाई तिथंच उभी राहिली, शिंगाडेवाला पैसे वापस देऊन राहिला तं घेऊन नाही राहिली. घरी आली, भात टाकला, भाजी केली, मले वाढलं. भांडन नाही, रडनं नाही. मी जेवून राहिलो अन् ती समोर बसून म्हनली, "माह्या गावाचं नाव कुठी गेलं?" तेवढंच. मी आता सांगू का म्हनलो ते? तुम्ही त्या गावचे आहा, तुमाले वाईट वाटन. मी म्हनलो, "तुह्या गावाले वळखते कोन?"

म्हनून गेलो. तोंडातून निघून गेलं. खरंही होतं ना जी, देवरीच्या सामोर आठ कोस जंगलात, त्याले वळखते कोन? गाना बेहडटोल्याच्या नावानं ठेवला असता तर कोन घेतला असता? नाव काढलं म्हनून तर तो शंभर गावात गेला. चाल तर तिचीच होती ना, चाल तं नाही बदलवली मी. असं मी तिले समजावून सांगितलो. खूप सांगितलो. त्या रात्रीपासून तिनं गानं सोडलं. काचा पुसायची, गायची नाही. मले पहिले समजलंच नाही, मी माझ्या कामात. सहा महिन्यानं एक गिऱ्हाईक म्हनलं, वहिनी आजकाल गात नाही काऊन? तवा मी आयकून पाहिलो. दुकानात नुसता फडक्याचा आवाज होता.

तिच्या आवाजातला? तो नाही माझ्यापाशी. कॉम्प्युटर बिघडला होता मांगं, त्यात गेला. ... बिघडला नव्हता. मीच पुसला. एका लगनाचं शूटिंग ठेवायचं होतं, जागा पुरत नव्हती, मी म्हनलो हा तर तयार करून झाला, आता कायले ठेवायचा. एका बोटानं पुसला जी. फक्त सुरुवातीचा बांगड्यायचा आवाज राहिला, रुचीच्या गान्याच्या आधी लावला होता तो, गावठी वाटते म्हनून. शंभर गावाच्या भोंग्यावर पहिले तिच्या बांगड्या वाजतात, मंग रुची गाते. मी आयकतो कधी कधी तेवढं. सामोरचं बंद करतो.

तुमाले वाटत असन, यासाठी कोनी घर सोडते का? सात वर्षं राहिलीच की ती यानंतर. यासाठी नाही गेली. तो फोटो पाहिला ना, फ्रेममधला, शाल-नारळ घेतलेला? शंभर गावं झाले म्हनून मंडळायनं मिळून सत्कार ठेवला होता, गोंदियाले, मोठ्या हॉलात. तिले म्हनलो चल, नवीन लुगडं घेतलं, दुसऱ्या रांगेत बसवली. सूत्रसंचालन करनाऱ्या बाईनं माइक दिला अन् विचारलं, हा गाना तुमाले सुचला कसा? आता तिथं इतके लोक, फोटोवाले, का सांगनार मी? म्हनलो, एक दिवस तळ्याच्या पाळीवर बसलो होतो, पानी शांत होतं, अन् चाल आपोआप मनात आली. टाळ्या झाल्या. मी पाहिलो, ती पन टाळ्या वाजवून राहिली होती. सबनसारख्या. तिच्याकडं पाहून मले बरं वाटलं, तुमची आन. मले वाटलं, चला, विसरली.

आठ दिवसांनी भाचीच्या लगनाले म्हनून गेली तुमच्याकडं. मांगच्या सालच्या फागुनात. लगन झालं, होळी झाली. मी फोन केलो, ती म्हनली मोहा पडून राहिला, हंगाम झाला का पाहते. बरं म्हनलो. हंगाम झाला, धानाचं रोवनं आलं, म्हनली भावाकडं मानसं कमी आहेत. पोराले सांगितलो, स्वप्निलले, तो पुण्याले आहे, म्हनलो आईले समजव. तो म्हनते, बाबा, आई तिथं बरी आहे. बरी आहे म्हनजे का? मी अठी दोन वेळचा भात टाकून राहिलो, काचा मीच पुसून राहिलो, एक फ्रेम धड पुसली जात नाही, गिऱ्हाईक म्हनतात फोटोवर ठसे दिसतात. मी काय मारलो तिले? उपाशी ठेवलो? एक गाना. एका गान्यासाठी मानूस — मले समजतच नाही. मले राग येते जी. तुमच्यावर पन येऊन राहिला, आल्यापासून येऊन राहिला, तुम्ही तिच्या गावाहून येता अन् गाना मागता.

एक विचारतो. खरं सांगजा. तुमच्याकडं असं आहे ना, लेक एक हंगाम वेचते तिसऱ्या खोडाचं. पुढच्या हंगामाले ती सासरी असते, दुसरी कोनी लेक येते. पन एकच लेक लागोपाठ दोन हंगाम वेचली, तं गाव समजून घेते का ती आता जानार नाही. मंग तिच्या नावानं चूल धरतात, गावाच्या वर्गणीच्या पट्टीत तिचं घर वेगळं लिहितात. शामकलानंच सांगितलं होतं मले हे. मांगच्या साली तिनंच वेचलं. तं अवंदा, या चैतात — तिसऱ्या खोडाखालचा पाला कोन झाडला?

खाली काऊन पाहून राहिले? तुमी मेंबर आहा, तुमाले माहीत असन. दुर्गेश्वरी झाडली का, त्या कोतवालाची पोरगी? ती आली होती म्हने माहेरी. ... नाही? ... मंग कोन?

...

बरं.

बरं जी. समजलो.

पानी घ्या. मी घेतो थोडं.

तुम्ही काहीच बोलत नाही उदारामभाऊ. अर्धा घंटा झाला येऊन, एक शब्द नाही. हो-नाही, हो-नाही, मान हालवून राहिले. गाना पाहिजे म्हनून आले अन् गान्याचं काही सांगतच नाही — का पाहिजे, कसा पाहिजे, कागद आनला का — ... का म्हनले? मी बोलू देऊन नाही राहिलो? मी? ... बोला ना मंग. मी कुठं तोंड धरलो तुमचं. बोला. मी चूप बसतो.

...

गाना झालेला आहे? कोनाचा गाना? बेहडटोल्याचा. मंग अठी कायले आले तुम्ही? ... शाळेच्या पडवीत. बाया. रोज संध्याकाळी. ... धुरपताबाई मांगून धरते, हो, तिचा आवाज पाहाडी आहे, धरन ती. अन् सुरू कोन करते? ... नका सांगू. समजलो. गाते ना ती? मोठ्यानं? पडवीतून नाल्यापर्यंत आयकू येते म्हनता. ... विहिरीचं कडवं आहे का? अन् म्हशीचं? ... ते पन आहे. नवीन पन जोडले. नवीन का जोडले? ... राहू द्या.

तं तुमाले मशीन पाहिजे फक्त. गाना नाही, मशीन. पहिलेच सांगायचं ना जी, मी इतका वेळ कायले... हो, बोलू नाही दिलो. बरं. देतो ना, हे लहानवालं आहे, बॅटरीवर चालते, खिशात राहते. नाहीतर असं करतो, रविवारी दुकान बंद राहते, मीच घेऊन येतो. तुमाले चालवता नाही येनार. मी एका बाजूले उभा राहीन, शाळेच्या अंगनात, पडवीत येनार नाही, बटन दाबीन अन् चूप राहीन. एक शब्द बोलनार नाही, तुमी सांगा तिले, एक शब्द नाही... काय? तिनं आधीच सांगून ठेवलं? जसं म्हनली तसंच सांगा. ... "मशीन आना, मानूस नको."

हो.

हो, असंच म्हनन ती. तिचेच शब्द आहेत.

इकडं या, दाखवतो. हे लाल बटन. एकदा दाबलं का लाइट लुकलुकते, तवा सुरू नाही झालं, फक्त आयकून राहिलं असं समजा. दुसऱ्यांदा दाबलं का लाइट स्थिर होते, तवा सुरू. हे विसरू नका, हेच सबन विसरतात, पूरा कार्यक्रम होते अन् मांगून समजते का काहीच नाही भरलं. बायायच्या मधात ठेवू नका, ज्या मांगून धरतात त्यायचाच आवाज येईन. तिच्यापासून दोन हात दूर ठेवा, थोडं खाली, ती गाताना मान खाली घालते. सुरू करायच्या आधी ती थोडा वेळ चूप राहते, तुमाले वाटन विसरली, बटन बंद नका करू. बांगड्या काढायले लावू नका तिले. बाकीच्यायले सांगा पाहिजे तर, तिले नका सांगू. पूरा होऊ द्या, मधात कोनी खोकललं, कुत्रं भुंकलं तरी चालते, तसंच राहू द्या. पिशवी आहे ना? फडक्यात गुंडाळून देतो.

अन् आनखी एक. मशीन वापस पाठवाल ना, कोनाच्या हातानं पाठवलं तरी चालते, तं आधी खाली करून पाठवजा. हे बटन दाबून धरायचं, विचारते पुसू का, हो म्हनायचं. मोबाइलमध्ये घ्या, पेनड्राइव्हमध्ये घ्या, शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवा, चार ठिकानी ठेवा. पन याच्यात काही ठेवू नका. मले आयकायचा आहे म्हनून ठेवला, असं दया करून काही करू नका. माझ्यापाशी एखादा मंडळवाला येईन, उद्या पाहिजे म्हनन, अन् मी हेडफोन लावून बसलेला असन. मी स्वतःले वळखतो जी. आता तर वळखतोच. पूरा खाली करूनच पाठवजा. नाही, पैसे नको, काही नको. जा तुम्ही, देवरीची बस निघून जाईन.